पोस्टवरून अटक झाली? अधिकाऱ्याला कोर्टात खेचताना या चुका टाळा

नोव्हेंबर 2012, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना पोलिसांनी अटक केली. देशभर गदारोळ झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हाही बंद झाला. तुमच्या-माझ्यासाठी एवढा गदारोळ कोण करणार? आपल्याला जाब कोर्टातच मागावा लागतो, आणि तिथे खरी बाजूही साध्या चुकांपायी हरते. त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. जामीन होतो, माणूस घरी येतो आणि म्हणतो, "आधी ही केस संपू दे." केस वर्षानुवर्षं चालते. बेकायदा कोठडीच्या भरपाईचा दावा मात्र सुटकेपासून 1 वर्षात लावावा लागतो. मानवी हक्क आयोगही वर्षापेक्षा जुन्या घटनेची चौकशी करत नाही. महाराष्ट्रात आणखी घट्ट फास आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 161. पोलिसाने अधिकाराच्या आडून काही केलं, तर दाव्याला फक्त 6 महिने, त्याआधी 1 महिन्याची नोटीस. सरकारला पक्षकार केलंत की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली 2 महिन्यांची नोटीस वेगळीच. म्हणून जामिनाच्याच आठवड्यात वकिलाशी नोटिशीचं बोला.

दुसरी चूक, प्रतिवादी म्हणून नुसतं 'महाराष्ट्र शासन' लिहिणं. 2019 मध्ये एका बंगाली चित्रपटाचं प्रदर्शन रोखल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगाल सरकारला 20 लाखांची भरपाई द्यायला लावली. निकाल मोलाचा, पण अशी भरपाई जाते जनतेच्याच तिजोरीतून. रिट याचिकेत (मूलभूत हक्कासाठी थेट हायकोर्टात केलेल्या अर्जात) अधिकाऱ्याला नाव आणि हुद्द्यासह पक्षकार करा, त्याने स्वतः काय केलं ते लिहा आणि रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याची मागणी स्पष्ट शब्दांत घाला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1993 मध्येच दोषी अधिकाऱ्यांकडून वसुलीचा मार्ग दाखवला आहे.

फौजदारी खटला भरायचा असेल, तर कृत्य कर्तव्याशी जोडलेलं असल्यास सरकारची मंजुरी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 218). सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच जिवापाड जपा.

"माझं स्वातंत्र्य हिरावलं" एवढंच लिहून भागत नाही. नेमका कुठला नियम मोडला? 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज लेखी नोंदवावी लागते, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सुप्रीम कोर्टाच्या अर्णेशकुमार निकालाने 2014 मध्ये हे बजावलं, आणि ते न पाळणाऱ्या पोलिसावर खातेनिहाय कारवाई व हायकोर्टात अवमानाची तरतूदही सांगितली.

घाबरून पोस्ट उडवू नका. आधी तारीख आणि लिंकसह ती जपा, कारण तुमचे नेमके शब्द हाच पुरावा आहे. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.