क्लोव्हर डिटेक्टर (चार जर्मेनियम स्फटिकांचा गॅमाकिरण मापक): दर वाढला की शिखराला डावीकडे शेपूट (माझा अनुभव)

लक्षण: कोबाल्ट-60 चे 1332 केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) वर्णपटातले शिखर सेकंदाला 1 हजार मोजणीला सुबक, 8 हजारांना कमी ऊर्जेकडे शेपूट. चारपैकी दोनच स्फटिकांत.

संशय न्यूट्रॉनच्या माऱ्याचा होता. केबल बदलल्या, बायस (स्फटिकावरचा उच्च व्होल्टेज) तपासला, शेपिंग (फिल्टरची वेळ) वाढवले, उपयोग शून्य. चार दिवस गेले आणि प्रवेगकाच्या बीमची वेळ जवळ आली. खरी खूण समोरच होती: न्यूट्रॉनने स्फटिक बिघडला असेल तर शेपूट कमी दरालाही राहते. इथे स्रोत लांब नेताच ती गेली. म्हणजे अ‍ॅनीलिंगची (स्फटिक तापवून दुरुस्त करण्याची) घाई नको, दोष डिजिटायझरच्या (सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये.

चारही चॅनलला क्षयकाल (पल्स ओसरण्याचा काळ) 50 मायक्रोसेकंद भरला होता. प्रीअ‍ॅम्पचा (स्फटिकाचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रवर्धकाचा) खरा क्षयकाल त्याहून कमी असेल तर ट्रॅपेझॉइडनंतर (ऊर्जा मोजणारा डिजिटल फिल्टर) सिग्नल शून्याखाली जातो, आणि त्या खड्ड्यात आलेला पुढचा पल्स कमी ऊर्जेचा मोजला जातो.

उपाय, याच क्रमाने: स्रोत लांब ठेवून प्रत्येक स्फटिकाचे कच्चे ट्रेस (पल्सच्या आकाराच्या नोंदी) घ्या, ट्रिगरआधी 10 आणि नंतर किमान 100 मायक्रोसेकंद. पाइल-अप (एकावर एक आलेले पल्स) असलेले टाका. ट्रिगरआधीची बेसलाइन (पल्स नसतानाची पातळी) वजा करा. चढणीनंतरचे पहिले 2 मायक्रोसेकंद सोडून घातांकी वक्र बसवा (बेसलाइन वजा न करता बसवलात तर उत्तर हमखास चुकते). आमच्या दोन स्फटिकांना 46 आणि 47 निघाले. तेच भरा. मग बेसलाइनची सरासरी ट्रॅपेझॉइड संपेपर्यंत रोखा: चढण 6, माथा 1, उतार 6, म्हणून 13 मायक्रोसेकंदांहून थोडे जास्त.

शेवटी युरोपियम-152 ने कॅलिब्रेशन नव्याने करा. क्षयकाल बदलला की गेन किंचित सरकतो, आणि अ‍ॅडबॅकमध्ये (स्फटिकांच्या ऊर्जांची बेरीज) कॅलिब्रेशन नव्याने केले नाही तर शिखर पुन्हा रुंदावते.