दुकानातच कॅमेरा कसा पारखावा

कॅमेरा हातात आला की पुष्कळजण तो उलटा करून तळाशी काय छापले आहे ते आधी वाचतात आणि जपानऐवजी थायलंड किंवा चीन दिसले की नाक मुरडतात. त्या छापावरून फार तर जुळणी कोठे झाली एवढे कळते. निकॉनचा डी८५० हा व्यावसायिक छायाचित्रकारांचा आवडता कॅमेरा थायलंडमध्येच तयार झाला. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल असा समज होता त्या काळात, १९५० साली, 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निकॉनच्याच निक्कोर लेन्स स्वतः तपासल्या आणि आपल्या जर्मन लायका कॅमेऱ्यांना त्या लावून कोरियाच्या युद्धाची छायाचित्रे टिपली.

लेन्स तपासण्यासाठी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींचे पान भिंतीला सपाट चिकटवावे, कॅमेरा ट्रायपॉडवर समोरासमोर लावावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवावे, थरथर रोखणारी सोय बंद करून दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्यावा. कॅमेरा भिंतीशी समांतर आहे की नाही, हे पाहण्यासाठी पानाच्या मध्यावर छोटा आरसा टेकवावा. स्क्रीनच्या बरोबर मधोमध लेन्सचे प्रतिबिंब दिसले पाहिजे. मग फोटो पूर्ण मोठा करून चारही कोपऱ्यांतील अनुस्वार पाहावेत. मध्यापेक्षा कोपरे थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे, परंतु ते चारही सारखेच मऊ हवेत. डावीकडे अनुस्वाराचा ठिपका सुटा दिसतो आणि उजवीकडे तोच शिरोरेषेत विरघळतो, असे झाल्यास आतले एखादे भिंग तिरके किंवा सरकलेले असण्याचा दाट संभव आहे. खात्रीसाठी कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो घ्यावा: अस्पष्टपणा पानाच्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष लेन्सचा, पानाच्या त्याच जागी राहिला तर आपल्या मांडणीचा. झूम लेन्स असेल तर हा प्रकार दोन्ही टोकांना आणि मध्ये करावा लागतो. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्यावे. माझ्या एका झूमवर 'मेड इन जपान' ठसठशीत छापले होते, म्हणून मी हे काही केले नाही आणि तिचा अस्पष्ट उजवा कोपरा पुढे एका लग्नाच्या समूहचित्रात मला सापडला.

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणारा भाग, तपासण्यासाठी लेन्सला झाकण लावून तीस सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. काळ्या चित्रात दोनचार रंगीत ठिपके चालतात, चांदणे पडलेले चालत नाही. ऑटोफोकस मात्र दुकानाच्या झगझगीत उजेडात तपासू नये, दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखावा.

इतर उपकरणांनाही हाच न्याय लावावा. पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) हे बहुधा आतील सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले, म्हणजे ३७ वॉट-तास असतात. फोनकडे जाणाऱ्या ५ व्होल्टला त्याचे ७,४०० होतात आणि रूपांतरात आणखी काही जातात. म्हणून बारीक अक्षरांतील 'रेटेड कपॅसिटी' (प्रत्यक्ष मिळणारी क्षमता) वाचून तुलना करावी.

देशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो वॉरंटीपाशी, आणि तेथेही वस्तू कोठे बनली यापेक्षा ती कोणत्या देशात विकण्यासाठी पाठवली होती हे महत्त्वाचे ठरते. पैसे देण्यापूर्वी कॅमेऱ्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हे पाहून वॉरंटी भारतात चालेल असे बिलावर लिहून घ्यावे.