वर्गात वाचनाची गोडी लावायचीय? खर्च जवळजवळ शून्य

सगळ्यात आधी एक करा, पुस्तकं कपाटातून बाहेर काढा. कुलपातलं पुस्तक कोण वाचणार? खिडकीच्या गजांना सुतळी बांधा, त्यावर पुस्तकं मधोमध उघडून लटकवा, म्हणजे कव्हर दिसतं आणि मुलं आपोआप तिकडे वळतात, नुसती कड दिसली तर कोणी हात लावत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती ट्रिक. रोज १० मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने गोष्ट वाचा, आवाज बदलून, जरा नाटकं करत, आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून टाका. मुलं ओरडतील, ओरडू द्या! पुस्तक टेबलावरच सोडून बाहेर जा, मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी पुढचं पान उघडून बघतंच. फक्त नंतर "यातून काय शिकलात?" असले प्रश्न विचारू नका प्लीज, तिथेच सगळी मजा जाते.

पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्याही भारी चालतात. वाचून झालं की एका ओळीत काहीतरी लिहून पुस्तकातच ठेवायचं, "पान १२ वर जाम हसलो" किंवा "बोअर आहे, शेवट मात्र मस्त", काहीही चालेल. पुढचा वाचणारा आधी चिठ्ठीच शोधतो.

अडखळत वाचणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करू नका, त्याला खालच्या वर्गातल्या छोट्यांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायला पाठवा, सोपं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटत नाही आणि सरावही होतो. आणि हो, नाही आवडलं तर पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी द्या.