वालुकाश्माच्या टेकडीवरील उथळ जमीन : मृगापूर्वी मुंबईकर जमीनधारकांनी करावयाची तयारी

मुंबईत नोकरी-व्यवसाय करून वडिलोपार्जित किंवा नव्याने घेतलेली लांबची जमीन सांभाळणारी अनेक मराठी कुटुंबे मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जातात आणि रोहिणी निघाली की लागवडीची घाई करतात. ही जमीन उत्तर कर्नाटकातील बदामी-बागलकोट भागातल्यासारख्या कमी पावसाच्या, तांबड्या वालुकाश्माच्या टेकडीवर असेल, तर रोपे विकत घेण्यापूर्वी काही दिवस केवळ माती समजून घेण्यासाठी द्यावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा असल्यामुळे आपल्या कानावर पडणारा शेतीचा सल्ला त्या खडकाच्या जमिनीला धरून असतो, आणि तो वालुकाश्मावर जसाच्या तसा लागू पडत नाही.

बेसाल्ट झिजला की त्यातून चिकणमाती तयार होते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह ही द्रव्ये मोकळी होतात. त्याचा मुरूमही हळूहळू मऊ पडत जातो. वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्‌झच्या कणांचा बनलेला असतो आणि तो झिजला तरी त्यातून बहुतांशी वाळूच निघते, तिच्यात पिकाला देण्यासारखे फारसे काही नसते. मातीचा तांबडा रंग हा कणांवर बसलेल्या लोहाच्या पातळ लेपाचा असतो. तो पाहून जमीन कसदार आहे असे समजू नये. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवणारे द्रव्य कोठे सिलिका, कोठे लोह, तर कोठे चुना असते. खडकाच्या ताज्या तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे येतात का ते पाहिल्यास चुन्याचा अंदाज येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे खोली. मृदा सर्वेक्षणात साधारणपणे २५ ते ५० सेंमी खोलीच्या जमिनीला उथळ आणि त्याहून कमी खोलीच्या जमिनीला अति उथळ म्हणतात. टेकडीवर दहा पावलांच्या अंतरात ही खोली बदलते, म्हणून एकाच जागी खणून निष्कर्ष काढू नये. पहार घेऊन उताराच्या आडव्या ओळीत ठिकठिकाणी ठोकून पाहावे आणि कागदावर ढोबळ नकाशा करावा. वाळूमिश्रित पोयटा माती एक मीटर खोलीत पिकाला मिळू शकेल असे साधारण १०० मिमी पाणी धरते. आपली माती ३० सेंमी खोल असेल आणि तिच्यात तीस टक्के दगड-गोटे असतील, तर तिची धारणशक्ती अवघी २१ मिमी भरते. उन्हात वाढत्या पिकाला दिवसाला ५ मिमी पाणी लागते असे धरले, तर हा साठा चार दिवसांत संपतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेली कुंडी दोन दिवस गावाला गेल्यावर का सुकते, हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. ही टेकडी म्हणजे तशीच उथळ कुंडी आहे, फक्त ती एकरभर पसरलेली आहे. वर कितीही पाऊस पडला, तरी २१ मिमीपलीकडचे पाणी मुळांपाशी राहणार नाही.

निचरा चांगला असणे हा या जमिनीचा गुण आहेच. सीताफळासारख्या झाडांची मुळे साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत आणि येथे ती सहसा सुरक्षित राहतात. मात्र अखंड कातळात खणलेला खड्डा हा हौदासारखा वागतो, त्यामुळे भोवती निचरा असूनही रोप आतल्या पाण्याने कुजते. वालुकाश्मात आडवे थर आणि उभ्या भेगा असतात. झाडाची मुळे याच भेगांतून खाली उतरून ओल गाठतात. म्हणून खड्डे दोरीने आखलेल्या सरळ रेषेत यावेत हा हट्ट सोडून ते भेगांच्या जागी घ्यावेत. प्रत्येक खड्ड्यात सायंकाळी दोन बादल्या पाणी ओतावे. सकाळपर्यंत ते जिरले तर जागा योग्य, दोन दिवस तसेच राहिले तर तेथे झाड लावू नये. कोरड्या, खडकाळ माळावर खोल मुळे सोडणारा अंजन वृक्ष अशा भेगांच्या जागी विशेष चांगला येतो आणि त्याचा पाला जनावरांच्या चाऱ्याला उपयोगी पडतो.

माती परीक्षणाच्या अहवालाबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्रयोगशाळा नमुना २ मिमीच्या चाळणीतून गाळते आणि खाली पडलेल्या बारीक मातीचीच तपासणी करते. हेक्टरी किलोमध्ये दिलेले आकडेही सर्वसाधारणपणे १५ सेंमी जाडीचा सलग मातीचा थर आहे असे गृहीत धरून काढलेले असतात. आपल्या मातीत वजनाने चाळीस टक्के गोटे असतील, तर शेतात प्रत्यक्ष उपलब्ध असलेले अन्नद्रव्य अहवालातील आकड्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास समजावे. याकरिता एक घमेले माती वाळवून घरीच चाळावी, वरचे गोटे आणि खालची माती वेगवेगळी तोलावी व ते प्रमाण अहवालावर लिहून ठेवावे.

पावसाचे वेळापत्रकही मुंबईचे धरून चालणार नाही. मुंबईच्या एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. बदामीकडे वर्षभराचा पाऊस ६०० मिमीच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास येतो. मृगाच्या पहिल्या सरीवर रोपे लावून मंडळी मुंबईस परततात आणि जुलैच्या उघडिपीत ती रोपे जळतात. खड्डे मेमध्येच खणून तापू द्यावेत, कुजलेले शेणखत व वरची माती मिसळून जूनच्या आरंभी भरावेत, आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन भरलेली माती तळापर्यंत भिजल्यावरच लागवड करावी. पेरणी करायची असल्यास ७५ ते ९० दिवसांत येणारी बाजरी किंवा मटकी घ्यावी. हुलगाही येथे तग धरतो. सोयाबीन किंवा ऊस यांचा विचारही करू नये.

उतारावरची माती अडवणे हे लागवडीच्या आधीचे काम आहे. एक हेक्टरावरून केवळ १ मिमी माती वाहून गेली, तरी ती १३ ते १५ टन भरते, आणि ३० सेंमीच्या थरातून गेलेला प्रत्येक मिलिमीटर पाण्याचा तेवढा साठा घेऊन जातो. कातळ वर असल्यास चर खणता येत नाहीत. तेथे शेतातलेच दगड वेचून समपातळीवर दगडी बांध घालावेत. पातळी साधण्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी पुरेशी आहे. बांधाच्या वरच्या अंगाला मारवेल किंवा अंजन गवताची ठोंबे लावावीत. रोपांभोवती वाळलेल्या गवताचे ५ ते ७ सेंमी जाड आच्छादन घालावे, पण वाळवीमुळे ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे.

युरिया एकदम देऊ नये; ४० मिमीची एक सर आली की मुळांना न मिळालेले नत्र पाण्याबरोबर खाली निघून जाते, म्हणून मात्रा तीन-चार हप्त्यांत विभागावी. तलावातला काळा गाळ उपयोगी आहे, मात्र तो जाड थराने न पसरता घमेल्याने खड्ड्यातल्या मातीत मिसळावा. ठिबक असेल तर वाळूत पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते हे ध्यानात ठेवून प्रत्येक झाडाला दोन बाजूंना दोन ड्रिपर द्यावेत आणि पाणी थोडे पण वरचेवर सोडावे.

जमिनीवर राहणारे कोणी नसेल, तर पहिली दोन वर्षे फळझाडांऐवजी गवत आणि स्टायलो (चाऱ्याचे द्विदल पीक) यांच्यावरच भर द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार दिवसांचा पाणीसाठा असलेल्या जमिनीला महिन्यातून एकदा येणारा मालक पुरा पडत नाही. राखणदार असेल तर परतीची गाडी पकडण्यापूर्वी त्याच्याकडे वही द्यावी आणि प्रत्येक पावसानंतर कोणत्या खड्ड्यात पाणी किती वेळ राहिले, कोणत्या बांधावरून ते उलटले आणि उघडीप पडल्यावर कितव्या दिवशी गवत माना टाकू लागले, एवढे त्यात लिहून ठेवायला सांगावे. सप्टेंबरात पुन्हा जाल तेव्हा उरलेली रोपे कोठे लावायची, हे त्या वहीवरून ठरवता येईल.