लेझर लॅबमधलं पहिलं वर्ष : या चुका टाळा

लेझरवर पीएचडी करायला आलेल्या मुलामुलींचे महिनेच्या महिने वाया जाताना मी पाहिलेत. माझेही गेले. बहुतेक वेळा सुरुवात एकाच ठिकाणी होते. काल मिळणारा सिग्नल आज मिळत नाही, आणि हात आपोआप सगळ्यात जवळच्या मिररच्या नॉबवर जातो.

तो नॉब फिरवू नका. सिग्नल जरासा वाढतो, हुरूप येतो, मग पुढचा मिरर, मग लेन्स. संध्याकाळी मूळ दोष जागच्या जागी असतो आणि त्यावर तुमच्या दहा दुरुस्त्या चढलेल्या असतात. मी असे तीन आठवडे घालवले. बिघाड निघाला चिलरमध्ये, म्हणजे लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्रात : पाण्याचं तापमान सरकलं होतं, त्यामुळे मुख्य लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप लेझरचा बीम किंचित हलला होता.

म्हणून उगमापासून निघा. आधी एसी आणि चिलर, मग पंपाची पॉवर, प्रकाशाचे क्षणिक झोत (पल्स) तयार करणाऱ्या ऑसिलेटरचा स्पेक्ट्रम, ते झोत वाढवणारा अँप्लिफायर, आणि शेवटी तुमचा प्रयोग. सगळं नीट चालू असेल त्याच दिवशी प्रत्येक टप्प्यावरचे आकडे वहीत उतरवा, नाहीतर बिघडलेल्या दिवशी तुलना कशाशी करणार? एका वेळी एकच गोष्ट बदला. बीम सरळ करताना पहिल्या मिररने जवळची आयरिस (लहान-मोठं करता येणारं भोक) साधायची, दुसऱ्याने लांबची. नवखे नेमकं उलटं करतात आणि दर फेरीला बीम आणखी भरकटतो. पॉवरमीटरवर तरंगलांबीचं सेटिंग ५३२ वरच राहिलं आणि तुम्ही ८०० नॅनोमीटर मोजलंत, तर तो आकडा वहीत लिहूच नका.

आता डोळ्यांबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगते. टायटेनियम-सफायर लेझरचा ८०० नॅनोमीटरचा ठिपका कार्डावर फिकट लाल दिसतो, म्हणून तो कमजोर वाटतो. प्रकाश कमी नसतो, त्या तरंगलांबीला आपली नजर मंद असते. डोळ्यातलं भिंग मात्र तो सगळा प्रकाश दृष्टिपटलावर एकवटतं. ५०० मिलिवॉटच्या वरचे सलग चालणारे लेझर चौथ्या वर्गात मोडतात आणि त्यांचा विखुरलेला प्रकाशही इजा करू शकतो. दारापाशी लटकलेला कुठलाही गॉगल उचलू नका, त्यावर छापलेली तरंगलांबी वाचा. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या बाहेर काढून ठेवा. स्क्रू खाली पडला तर आधी शटर बंद करा, कारण वाकताना डोळे बरोबर बीमच्या उंचीवरून जातात.

१९८५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड यांनी पीएचडी करताना जेरार मुरू यांच्यासोबत एक रीत काढली : पल्स आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा दाबायचा. २०१८ चं नोबेल त्यावरच मिळालं. आपण मात्र दाबलेला पल्स नकळत पुन्हा ताणून बसतो. ३० फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) ८०० नॅनोमीटरचा पल्स एक सेंटिमीटर बीके-७ या नेहमीच्या ऑप्टिकल काचेतून गेला की ५० च्या घरात पोचतो. लेन्स, फिल्टर, चेंबरची खिडकी, सगळ्यांची जाडी हिशेबात धरा.

काचेवरून आठवलं. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या काचेतून पारही जात नाही. काचेची लेन्स लावलीत तर ती तापून तडकेल. तिथे झिंक सेलेनाइडची लागते.

ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी, कधीही पुसू नका. बोटाचा ठसा उमटला तरी पुसू नका, सरांना सांगा. लेझरची तरंगलांबी बदलायला वापरतात ते केडीपीचे (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे) स्फटिक हवेतली ओल शोषतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचे पैलू दुधाळ होतात. मेअखेरीलाच ते ठेवायच्या कोरड्या डब्यातलं, म्हणजे डेसिकेटरमधलं, सिलिका जेल बदलून घ्या.