खाडीचं पाणी कसं तपासावं: मीटरआधी भरती-ओहोटी बघा

खाडीच्या एकाच जागी पहाटे सहाला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅम भरू शकतो आणि त्याच दिवशी दुपारी तीनला ९. दोन्ही आकडे खरे. पहिला बघून खाडी शेवटच्या घटका मोजते आहे असं वाटेल, दुसरा बघून सगळं आलबेल. म्हणून तपासणीची तयारी करताना आधी भरती-ओहोटीचा तक्ता मिळवायचा, मीटर नंतर. ज्या आकड्यासमोर घड्याळाची वेळ आणि भरतीची अवस्था लिहिलेली नाही, तो कितीही महागड्या उपकरणाने घेतलेला असो, पुढे कशाशीच ताडून बघता येत नाही.

दिवस आणि वेळ

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे दर सोमवारी सकाळी आठला नेमाने नमुना घेणारा माणूस एका सोमवारी भरलेली खाडी मोजतो आणि पुढच्या सोमवारी रिकामी झालेली. मग आलेखात आकडे वरखाली नाचतात आणि त्याला प्रदूषणाची लाट दिसते, जी नसतेच.

दर १५ दिवसांनी त्याच वेळी गेलात तर भरती जेमतेम १०-१५ मिनिटांनी सरकलेली असते, आणि उधाणाची (मोठी) असेल तर उधाणाची, भांगाची (लहान) असेल तर भांगाचीच भेटते. फक्त यात एक त्रुटी राहते: वर्षभर एकच बाजू दिसते. त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी एक फेरी मधल्या आठवड्यात, म्हणजे उलट अवस्थेत मुद्दाम करायची.

भरतीच्या माथ्यावर घेतलेला नमुना बहुतांशी समुद्राचा असतो. खाडीत जमिनीवरून काय उतरतं ते कळतं ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत. ऑक्सिजनची नीचतम पातळी सूर्योदयाच्या थोडी आधी येते, कारण रात्रभर सगळे जीव श्वास घेतात आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही. तेव्हा सकाळी सात-आठच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते असे दिवस तक्त्यातून शोधा. त्या तासाला खाडी तग धरते का, हेच आपल्याला बघायचं असतं.

जागा

सुरुवातीला तीन ते पाच जागा पुरेत: मुख, मध्य, वरचं टोक, आणि एखादा नाला मिळत असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना एकेक. नदीत नाल्याच्या वरची जागा स्वच्छ धरून खालच्या जागेशी तुलना करता येते. खाडीत भरती चढताना नाल्याचं पाणी उलटं वर ढकललं जातं, त्यामुळे ही तुलना फक्त ओहोटीतच करा. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि काठावरची एखादी न हलणारी खूण लिहून ठेवा.

चिखलात एकट्याने उतरू नका. पाणी परत कधी चढणार ती वेळ दोघांनाही पाठ हवी. हाताला जखम असेल तर जलरोधक पट्टी आणि हातमोजे घाला. कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जंतू जखमेतून शरीरात शिरतात आणि त्यांचा संसर्ग झपाट्याने चढतो.

नमुना घेण्याचा क्रम

जागेवर पोहोचल्यावर जंतूंची बाटली आधी, मग ऑक्सिजनची, बाकी सगळं नंतर. पाण्यात उभे असाल तर प्रवाहाकडे तोंड करा आणि बाटली स्वतःच्या पुढे धरा, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ मागे वाहून जातो. पुलावरून घेत असाल तर बादली त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतूंची निर्जंतुक बाटली मात्र कधीच विसळायची नाही.

पाऊस पडल्यावर खाडीत बऱ्याचदा गोडं पाणी वर आणि खारं खाली असे दोन थर होतात. वरच्या थराचा आकडा चांगला आणि तळाशी मासे गुदमरलेले, असंही घडतं. पाणी दीड-दोन मीटरपेक्षा खोल असेल तर पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटर आणि तळाच्या अर्धा मीटर वर, असे दोन नमुने घ्या.

ऑक्सिजन

मीटर वापरत असाल तर त्यात खारटपणाची दुरुस्ती भरणं हे सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम आहे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, दर हजारी ३५ खारटपणाच्या समुद्राच्या पाण्यात साधारण ६.७. दुरुस्ती शून्यावर राहिली तर मीटर त्या पाण्यात वीस टक्क्यांहून जास्त फुगवलेला आकडा दाखवतो. फेरीच्या आधी आणि फेरी संपल्यावर, दोन्ही वेळा मीटर जुळवून बघा. दोन वेळच्या वाचनात फरक पडला तर तो वहीत लिहा.

मीटरवर लक्ष ठेवण्यासाठी विंकलर पद्धत, म्हणजे रसायनांनी ऑक्सिजन मोजण्याची रीत, शिकून घ्याच. १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही मीटरची परीक्षा घेते.

१. ३०० मिलिलिटरच्या, काचेचं बूच असलेल्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून पाणी हळू सोडा. बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओसंडू द्या. बुडबुडा राहता कामा नये.

२. पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि लगेच १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. बूच लावून १५-२० वेळा उलटसुलट करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी लोळ उठतो आणि ढगासारखा हळूहळू खाली बसतो. साका पांढराशुभ्र राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, हे तिथेच कळतं.

३. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. खाऱ्या पाण्यात तो सावकाश बसतो, घाई करू नका.

४. चष्मा आणि हातमोजे घालून १ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल सोडा. बूच लावून उलटसुलट केल्यावर साका विरघळून पाणी सोनेरी पिवळं होतं. या अवस्थेत बाटली अंधारात काही तास टिकते, त्यामुळे पुढचं काम परत आल्यावर करता येतं.

५. त्यातलं २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल (हे तीव्रतेचं एकक) सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने घाला. रंग गवताच्या काडीइतका फिका झाला की मगच स्टार्च टाका. पाणी निळं होईल. निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट घालत राहा. एकूण जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन.

२०० ऐवजी २०१ का, तर सुरुवातीला घातलेल्या दोन मिलिलिटर रसायनांनी तेवढंच पाणी बाहेर सांडवलेलं असतं. स्टार्च आधी टाकलं तर ते आयोडीनला धरून ठेवतं आणि शेवटचा बिंदू चुकतो. निळा रंग काही मिनिटांनी परत येतो, तिकडे दुर्लक्ष करा. आकडे विनाकारण वाढत गेलेले दिसले तर थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर पडलं आहे का ते तपासा.

लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच माशांवर ताण यायला लागतो. २ च्या खाली जे पळू शकतात ते पळतात, चिखलातले जीव मरतात.

खारटपणा, सामू, गढूळपणा

खारटपणासाठी हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर चालतो. ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य जुळवा; थेंब आणि उपकरण एकाच तापमानाला येईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. गोड्या पाण्याजवळच्या टोकाला त्याचा एक-दोन अंकांचा फरकही मोठा ठरतो, तिथे विद्युतवाहकता मीटर बरा. सामूचा (पीएच) मीटर ७ आणि १० च्या ताज्या बफरवर, म्हणजे ठरावीक सामूच्या द्रावणावर, जुळवा. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. दुपारी तो ८.५ च्या वर चढत असेल तर शेवाळाची वाढ जोरात आहे असं समजा.

गढूळपणासाठी सेकी तबकडी. आंजेलो सेकी यांनी ती १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली, आणि आजवर तिला बॅटरी लागलेली नाही. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. गॉगल काढा. तबकडी तळाला टेकूनही दिसत असेल तर आकड्यापुढे 'पेक्षा जास्त' असं लिहा, नुसता आकडा नको. या मापाला चांगला उजेड लागतो, म्हणून पहाटेच्या फेरीनंतर ऊन वर आल्यावर ते घ्या.

नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट

संच घेताना तो खाऱ्या पाण्यासाठी आहे ना हे आधी वाचा. गोड्या पाण्याचे बरेच संच मिठामुळे चुकतात. फॉस्फेटच्या बाटल्या साबणाने धुऊ नका, फॉस्फेट साबणातूनच येऊ शकतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर विसळा. अमोनियाचा आकडा सामूशिवाय अपुरा आहे: २५ अंशाला सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी पाच टक्क्यांच्या आसपास विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दुपारी शेवाळामुळे सामू चढतो तेव्हा तोच अमोनिया माशांना मारक ठरू शकतो.

मैल्याचे जंतू

खाऱ्या पाण्यात ई. कोलाय लवकर मरतात, म्हणून तिथे एन्टरोकोकाय हे आतड्यातले दुसरे जंतू मोजतात. १०० मिलिलिटरहून मोठी निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली १५ ते ३० सेंटिमीटरवर, तोंड प्रवाहाकडे करून भरा आणि वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या पेटीत, १० अंशांखाली, पण गोठू न देता सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. पाकीटबंद अभिकर्मकाच्या पद्धतीत खाऱ्या पाण्याचा नमुना दहापट विरल करावा लागतो आणि ४१ अंशांवर २४ तास ठेवावा लागतो. आलेला आकडा दहाने गुणायचा राहिला, तर घाण खाडी कागदावर स्वच्छ ठरते.

एकच आकडा बघून निष्कर्ष काढू नका, आणि साधी सरासरीही काढू नका. पाच नमुने १०, २०, ४०, २० आणि ६४० आले तर साधी सरासरी १४६ येते, सगळी त्या एका नमुन्यामुळे. पाचही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं पाचवं मूळ काढा: ४०. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली अशी भूमितीय सरासरी १०० मिलिलिटरला ३५ आहे. तुमच्याकडे वेगळा मापदंड लागू असेल तर तो लावा. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस आकडा उसळतो, म्हणून मागच्या ४८ तासांतला पाऊस नोंदवहीत हवाच.

चिखल

पाणी वाहून जातं, चिखल महिन्यांचा हिशोब ठेवतो. ५-७ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात २० सेंटिमीटर दाबा, वरचं तोंड घट्ट बंद करा आणि ओढून काढा. वर तपकिरी थर दिसेल, खाली काळसर. सीमारेषा नेमकी सरळ नसते: किड्याचं किंवा खेकड्याचं बीळ जिथून गेलं असेल तिथे काळ्या चिखलातही बिळाभोवती तपकिरी कडा उतरलेली असते, कारण त्या वाटेने ऑक्सिजन खाली जातो. तपकिरी थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. कांदळवनातला चिखल मुळातच काळा असतो, म्हणून तुलना त्याच जागेच्या मागच्या आकड्याशी करा. थर वर्षावर्षाला पातळ होत असेल, बिळं विरळ होत असतील आणि सडक्या अंड्याचा वास वाढत असेल, तर सेंद्रिय घाण साचते आहे.

एक मीटर बाजूची चौकट पाच ठिकाणी टाकून खेकड्यांची बिळं मोजा. एक नमुना अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत हळू पाण्याने धुवा. नाना आकारांचे किडे आणि शिंपले निघाले तर उत्तम. कॅपिटेला नावाच्या बारीक लाल धाग्यासारख्या किड्यांचीच गर्दी निघाली तर तिथे सांडपाणी मुरतं आहे अशी शंका घ्या.

आकडे काय सांगतात

दहातला एक नमुना दुहेरी घ्या. दोन्हींत मोठा फरक पडला तर त्या दिवसाचे सगळेच आकडे संशयाने बघा. मग आडव्या अक्षावर खारटपणा आणि उभ्यावर नायट्रेट मांडा. समजा वरच्या टोकाला खारटपणा ० आणि नायट्रेट १.४ मिलिग्रॅम, समुद्रात खारटपणा ३५ आणि नायट्रेट जवळजवळ ०. नुसतं पाण्यात पाणी मिसळत असेल तर मधले सगळे ठिपके या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात, आणि खारटपणा २० असलेल्या जागी ०.६ मिळायला हवं. तिथे १.१ मिळालं, तर मध्येच कुठून तरी भर पडते आहे. ठिपके रेषेखाली गेले तर शेवाळ किंवा चिखल ते शोषून घेतो आहे.

रेषेच्या वर उसळलेला ठिपका एकाच जागी दोन-तीन फेऱ्यांत टिकला, की पुढच्या ओहोटीच्या शेवटच्या तासाला रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनियाचा संच घेऊन त्या काठाने चालत जा. पन्नास-पन्नास पावलांवर दोन्ही मोजा. जिथे खारटपणा एकदम घसरतो आणि अमोनिया चढतो, तिथे कांदळवनाआड एखादा पाइप किंवा नाला असतो. त्याच्या तोंडाचा फोटो घ्या, अक्षांश-रेखांश टिपा आणि जंतूंची बाटली तिथेच भरा.