व्यसनमुक्तीत रिसर्च करायचाय? आधी क्वार्टर मोजायला शिका

एमडी सायकियाट्रीला, म्हणजे मानसोपचाराला लागलेली पोरं दरवर्षी विचारतात, सर डिअॅडिक्शनमधे रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू. बहुतेकांच्या डोक्यात ब्रेन स्कॅन, जीन्स असलं काहीतरी असतं. ते पुढे करा की, पण पहिले सहा महिने ओपीडीत बसून समोरचा माणूस नक्की किती पितो हे नीट मोजायला शिका, कारण सगळा घोळ तिथेच होतो आणि एकदा झाला की कुठल्याच स्टॅटिस्टिक्सने तो निघत नाही.

म्हणजे कसं ते सांगतो. डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, दारूवरचा रिसर्च करणारा प्रत्येकजण ती कधी ना कधी वापरतोच. त्यात ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. आपला पेशंट काय सांगतो, "जास्त नाय डॉक्टर, रोजची एक क्वार्टर फक्त." आणि नवीन रेसिडेंट फॉर्मवर लिहितो, १. आता हिशोब करून बघा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, व्हिस्की रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे ७७ मिली अल्कोहोल, वजनाने साधारण ६० ग्रॅम. म्हणजे १ नाही, ६ ड्रिंक झाली. दुसऱ्या प्रश्नाला ० च्या जागी २ मार्क, आणि तिसरा प्रश्न एका बैठकीत ६ किंवा जास्त किती वेळा होतात असा आहे, रोज घेणाऱ्याला तिथे थेट ४. एका माणसाच्या स्कोअरमधे ६ चा फरक पडला, आणि स्कोअर ८ किंवा जास्त आला की पिणं धोक्याचं धरतात! तुमच्या स्टडीत कोण घ्यायचा आणि कोण नाही हेच बदललं ना.

तसंच ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्क्यांची असेल तर ती ४ ड्रिंक होते, "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याला हलक्यात घेऊ नका. हातभट्टीत टक्का किती ते कोणालाच माहीत नसतं, तिथे ग्लास केवढा, किती वेळा भरला, पैसे किती दिले हे सगळं लिहून ठेवा, अंदाजाने आकडा टाकू नका. आणि तंबाखूचं तर विचारूच नका, बायकांना "तंबाखू खाता का" विचारलं की "नाही बाई" असं उत्तर येतं, आणि घरी दिवसातून तीन वेळा मिश्री लावणं चालू असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. ती खोटं बोलत नाहीये, प्रश्न आपला चुकलाय. म्हणून इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना उलट भाषांतर (मराठीवरून परत इंग्रजी करून ताडून बघणं) वगैरे जे सांगतात ते करायचंच, पण त्यानंतर दहाएक पेशंटना प्रश्न वाचून दाखवून "यातून तुम्हाला काय कळलं" असं विचारायचं. हे पाऊल सगळे गाळतात.

थिसीसचा विषय निवडताना मोठा प्रश्न शोधत बसू नका. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेत मारी निस्वॅंडर ही सायकियाट्रिस्ट आणि व्हिन्सेंट डोल हा मेटाबॉलिझमचा डॉक्टर मोजक्या हेरॉईनच्या पेशंटवर काम करत होते. मॉर्फिनवर ठेवलेले पेशंट दिवसभर पुढच्या डोसची वाट बघत बसायचे, मेथाडोनवर (जास्त वेळ टिकणारं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध) आल्यावर त्यातला एकजण चित्रं काढायला लागला, दुसऱ्याने अपुरं शिक्षण पूर्ण करायचा विषय काढला. हे त्यांच्या लक्षात आलं कारण ते तिथे होते, बघत होते. १९६५ ला जो पेपर आला त्यात पेशंट फक्त २२, आणि आज जगभर ओपिऑइडच्या व्यसनावर जी औषधं देतात त्या सगळ्या विचाराचा पाया तो आहे. म्हणून तुमच्या सोमवारच्या ओपीडीत जो प्रश्न रोज समोर येतो तोच घ्या. औषध चालू असताना माणूस मधेच का सोडतो? बायको सोबत आली तर फरक पडतो का? एवढं पुरे आहे.

आता फॉलोअप. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे मी स्वतः चुकलोय. माझ्या थिसीसमधे गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगरचे पेशंट होते, प्रत्येकाचा एक मोबाईल नंबर घेतला आणि निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी फोन लावायला बसलो तर निम्मे बंद. गर्दवाल्याच्या घरातून सगळ्यात आधी काय विकलं जातं तर मोबाईल, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मग मी काय केलं, जे आले तेवढेच धरून टक्केवारी काढली, रिझल्ट झकास दिसला. गाईडनी ती शीट बघून एवढंच विचारलं, "बाकीचे कुठेत?" जे बरे असतात तेच जास्त करून परत येतात, त्यांचीच टक्केवारी काढली की कुठलंही औषध चांगलंच दिसणार. मग सोशल वर्कर ताईंबरोबर एकेकाला शोधत फिरलो. एक मुलगा सापडला हॉटेलात, भांडी घासत होता, दोन महिने झाले एकदाही घेतली नव्हती, रात्रपाळी करून सकाळी झोपायचा आणि आमची ओपीडी सकाळची. मी त्याला मनातल्या मनात रिलॅप्स, म्हणजे परत प्यायला लागलेला धरून टाकलं होतं. मला बघून घाबरला, वाटलं पोलीस आणलेत बरोबर. मग हात पुसून बाहेर आला आणि चहा पाजला.

तेव्हापासून एक जाड वही ठेवतो. त्यात पेशंटचा नंबर, आईचा, शेजाऱ्याचा, तो कुठल्या टपरीवर बसतो, कामाची वेळ काय, आणि हे सगळं घेताना त्याची परवानगी, कारण शेजाऱ्याला फोन करून आपण कुठून बोलतोय हे सांगून टाकलं तर त्याची चाळीत बेअब्रू होते. वही कुलपात. आणि जो सापडलाच नाही त्याला काय धरायचं हे स्टडी सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा, रिझल्ट बघून ठरवू नका.

गोव्यातल्या संगथ या संस्थेचा ट्रायल वाचाच, २०१७ ला लॅन्सेटमधे आला, त्यात डॉ. अभिजित नाडकर्णी पुढे होते. १० प्रायमरी हेल्थ सेंटर, धोकादायक पिणारे ३७७ पुरुष, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हतेच, ट्रेनिंग दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या खाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ टक्के. पण मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे, १० पैकी जवळपास ९ जणांना त्यांनी तीन महिन्यांनी गाठलं होतं. खटकतं एवढंच की बायका त्यात नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक व्यसनाच्या रिसर्चमधे नाहीतच, तुम्ही कोणी करणार असाल तर खरंच करा.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायची सरकारी वेबसाइट) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी. माणूस टर्कीत असताना, म्हणजे नशा तुटून अंग दुखतंय, नाक गळतंय, अशा वेळी सही घेऊ नका, त्या क्षणी तो औषधासाठी कशावरही सही करेल. काही दिवस थांबा, टर्की उतरू द्या, मग निवांत समजावून सांगा. आणि पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते, त्यांना सांगा की एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ए आहे, कमी प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

आकडे हवे असतील तर २०१९ चा राष्ट्रीय सर्व्हे हाताशी ठेवा, सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या एनडीडीटीसी या व्यसन उपचार केंद्राने केलेला. १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू घेतात, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसं. सिनॉप्सिसच्या (थिसीसच्या आधी द्यायचा आराखडा) पहिल्या पानाला हे लागतंच.

एमडीनंतर याच वाटेने जायचं असेल तर अॅडिक्शन सायकियाट्रीत तीन वर्षांचं डीएम ही सुपरस्पेशालिटी डिग्री आहे, दिल्ली एम्स, निम्हान्स, चंदीगड पीजीआय, प्रवेश आयएनआय एसएस या परीक्षेतून. सीट मोजक्याच असतात. नाही मिळालं तरी रिसर्च थांबत नाही, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला उभं राहिलं, त्याच्या मागे डॉ. अनिता अवचट होत्या, त्या स्वतः सायकियाट्रिस्टच. अशा जागी जाऊन दोन चार आठवडे गटात गप्प बसून ऐका, एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) खुली मीटिंग असेल तिथे मागच्या खुर्चीवर बसा. पेन खिशातच असू द्या. घरी आल्यावर जे आठवेल ते लिहा, त्यातलं एखादं वाक्य पुढच्या प्रश्नावलीत जाईल.

आणि हो, वहीत टपरीचं नाव लिहिताना ती कुठल्या गल्लीत आहे तेही लिहा, एका नावाच्या तीन तीन टपऱ्या असतात.